दंतकथेतल्या राज्याचा हजेरीपट

क्रीट बेटावरील मिनोस राजा आणि त्याचा भूलभुलैया ही ग्रीकांची दंतकथा. 1900 साली आर्थर इव्हान्स यांनी तेथील नोसॉस येथे उत्खनन आरंभिले, तेव्हा खराखुरा राजवाडा निघाला आणि मातीच्या लिखित पाट्याही निघाल्या. त्या कच्च्या मातीच्या. वाड्यास आग लागली तेव्हा भाजून निघाल्या, म्हणूनच टिकल्या.

पन्नास वर्षे ही लिपी, म्हणजे रेषालिपी ‘ब’, कोणास वाचता येईना. अ‍ॅलिस कोबर यांनी शब्दांची शेवटे बदलतात हे पाहून विभक्तीची खूण ओळखली. 1952 साली मायकेल व्हेंट्रिस यांनी उलगडा केला. ते विद्यापीठातले पंडित नव्हते. घरांचे आराखडे काढणारे होते. आमच्या बाराखडीप्रमाणे तिच्यातही व्यंजन स्वरासहच येते. ‘को-नो-सो’ म्हणजे नोसॉस! भाषा निघाली ग्रीक.

आणि मजकूर कोणता? बहुतेक मेंढ्या, लोकर, शिधा यांचे हिशेब. ग्रीसमधील पायलॉस येथे 1939 साली सापडलेल्या पाट्यांवर दळणाऱ्या, कातणाऱ्या बायकांची व त्यांच्या मुलांची संख्या आहे, धान्य आणि अंजिरे यांचे माप आहे. बायकांची नोंद धंद्यावरून किंवा गावावरून, नावे नाहीत.

श्रोतेहो, आम्ही कामगार चळवळीतली माणसे. हजेरीपट धनी आपल्या सोयीने लिहितो, हे आम्ही जाणतो. तरी तो जपून ठेवावा, वाचावयास शिकावे. राजाची दंतकथा झाली. या बायकांच्या श्रमाची साक्ष मात्र तीन हजार वर्षांनंतरही त्या हिशेबातच सापडली.