ग्रंथी काढा, नसा राखा

१९८१ साली नेदरलंड्समधल्या लायडन शहरात दोन डॉक्टर एका मृत जन्मलेल्या मुलाच्या ओटीपोटाचं विच्छेदन करत होते. एक निवृत्त डच प्राध्यापक पीटर डॉन्कर, दुसरे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे शल्यविशारद पॅट्रिक वॉल्श. प्रौढांच्या मृतदेहात हरवून जाणाऱ्या बारीक नसा त्या कोवळ्या शरीरात स्पष्ट दिसल्या. शिश्नाला ताठरता देणाऱ्या नसा प्रोस्टेट ग्रंथीतून जातात, असा तोवर समज होता. कॅन्सरसाठी ग्रंथी काढली की लैंगिक क्षमता जायचीच, हे सगळे धरूनच चालत. प्रत्यक्षात त्या नसा ग्रंथीच्या वेष्टणाबाहेरून जात होत्या. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी त्या जाणीवपूर्वक राखून पहिली शस्त्रक्रिया केली.

नसा राखल्या तरी त्या लगेच कामाला लागत नाहीत. शस्त्रक्रियेत ताणल्या गेलेल्या नसा बधिर होतात आणि सावरायला दीड-दोन वर्षंही घेतात. ही मुदत आधी सांगितलेली नसेल, तर रुग्ण तिसऱ्या महिन्यातच स्वतःला मोडीत काढतो. कॅन्सर नसांपर्यंत पोचला असेल तर मात्र त्या काढाव्याच लागतात.

शस्त्रक्रियेनंतर लघवीही गळते; तिचं कारण वेगळं. लघवी रोखणारे स्नायू दोन ठिकाणी असतात. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या वरच्या स्नायूला ग्रंथी काढताना इजा होते आणि सारा भार खालच्यावर येतो. मग शिंक आली, नातवाला उचललं, की थेंब गळतात. प्रोस्टेट कॅन्सरवरच्या ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटातले ४६ टक्के पुरुष सहा महिन्यांनी पॅड वापरत होते; सहा वर्षांनी १७ टक्के. म्हणजे बहुतेकांचं गळणं कमी होतं, पण उरलेल्यांना ‘वयोमानाने होतंच’ म्हणून घरी पाठवणं हा अन्याय आहे.

पहिला उपाय ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये ते बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी मांडले होते. वायू रोखताना आवळतो तोच स्नायू काही सेकंद आवळायचा, मग पूर्ण सैल सोडायचा; श्वास कोंडायचा नाही. शस्त्रक्रियेच्या आधीपासून शिकावेत, कॅथेटर असताना मात्र करू नयेत. वर्षभरानंतरही खूप गळत असेल तर कृत्रिम झडप बसवता येते. ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉट यांनी १९७०च्या दशकात ती विकसित केली. द्रवाने भरलेला पट्टा मूत्रनलिकेभोवती असतो आणि छोटा पंप वृषणकोशात. पंप दाबला की द्रव पट्ट्यातून निघून यंत्राच्याच फुग्यात जातो, लघवी होते. काही मिनिटांत पट्टा आपोआप भरतो.

ताठरतेसाठी १९९८ मध्ये आलेली सिल्डेनाफिलची गोळी सगळ्यांना ठाऊक आहे. ती कोणत्या वेळी चालत नाही, हे फारसं ठाऊक नाही. गोळी नसांकडून आलेला संदेश टिकवते. नसाच गेल्या असतील तर टिकवायला काही उरत नाही. अशा वेळी शिश्नात द्यायचं इंजेक्शन थेट रक्तवाहिन्या सैल करतं. व्हॅक्यूम पंप आहे, आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचं इम्प्लांटही. एक इशारा: हृदयासाठी सॉर्बिट्रेट किंवा तत्सम नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिलची गोळी कधीच घेऊ नये, रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. आपल्याकडे दुकानातून गुपचूप गोळ्या आणल्या जातात, म्हणून हे ठासून सांगायला हवं.

रेडिएशननंतर ताठरतेचा त्रास बऱ्याचदा उशिरा येतो. रक्तवाहिन्या हळूहळू बिघडतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी तक्रार सुरू झाली तरी ती उपचारांशी जोडून पाहावी. हार्मोन थेरपीत टेस्टोस्टेरॉन घटल्याने इच्छाच विझते. तिथे ताठरतेची गोळी इच्छा परत आणत नाही. पत्नीला हे आधी सांगितलेलं नसेल तर तिला वाटतं, आपल्यातच काही कमी आहे. म्हणून डॉक्टरांशी बोलायला दोघांनी जावं. ‘जीव वाचला, आता हे काय मागायचं’ असं म्हणत पुरुष गप्प राहतात, आणि सुधारणेचे महिने हातचे जातात.

संपूर्ण ग्रंथी काढल्यावर वीर्य येत नाही, पण कामतृप्तीची संवेदना ताठरतेशिवायही शक्य असते, कारण तिच्या नसा वेगळ्या आहेत. मूल हवं असलेल्या तरुण रुग्णाने शस्त्रक्रियेआधीच वीर्य गोठवून ठेवावं. ते राहून गेलं तरी वृषणातून शुक्रजंतू काढून टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग उरतो.