तापमानाची रेघ वरखाली व्हायलाच हवी

मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे अणूंच्या हालचाली संगणकावर पावलापावलाने मोजणं, शिकणाऱ्यांची एक तक्रार काही केल्या थांबत नाही: "थर्मोस्टॅट ३०० केल्विनला लावलाय, तरी तापमान वरखाली होतंय. काहीतरी चुकलंय." महाड-पोलादपूरकडून आलेल्या मुलांच्या मनात हे पक्कं बसलेलं असेल तर नवल नाही. महाड एमआयडीसीतल्या रिॲक्टरच्या जॅकेटमधून वाफ किंवा थंड पाणी फिरवायचं आणि पॅनेलवरची रेघ सरळ ठेवायची, हेच तिथे चोख काम.

पण ती रेघ सरळ दिसते, कारण आत रेणू अफाट असतात. तापमान म्हणजे अणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचं माप. अणूंच्या संख्येच्या तिपटीने २ ला भागा आणि वर्गमूळ काढा: तापमान सरासरीच्या किती पट हलणार, ते मिळतं. १,००० अणू असतील तर ३०० केल्विनला सुमारे ८ केल्विन, १ लाख असतील तर ०.८. एका मोलमध्ये, म्हणजे ६ वर २३ शून्यं इतक्या अणूंमध्ये, केल्विनच्या अब्जांशाहूनही कमी. नियम दोन्हीकडे एकच!

आणि यावर 'उपाय' काय करतात? अणूंचे वेग सतत कमी-जास्त करून तापमान ठरल्या आकड्याकडे ओढणारा बेरेन्डसेन थर्मोस्टॅट घेतात आणि कपलिंगचा काळ, म्हणजे ही ओढ किती झटपट लागते तो काळ, ०.०१ पिकोसेकंदावर आणतात. रेघ सरळ होते आणि भौतिकी मोडते. ऊर्जेच्या चढउतारांवरूनच उष्माधारकता काढतात. ते दाबले की उत्तर चुकणारच. १९८४ची ही पद्धत सुरुवातीला प्रणाली स्थिरावण्यापुरती ठीक, पण खऱ्या मोजणीला नको, असं ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर इनपुट तपासतानाच बजावतं. ती सूचना वाचा ना! हार्वे, टॅन आणि चीटम यांनी १९९८ मध्ये दाखवलं की वेग असे सतत कमी-जास्त करत राहिलं तर आतली कंपनं विझत जातात आणि अख्खा रेणू गोठल्यासारखा नुसता वाहत सुटतो. तापमानाचा आकडा मात्र अचूक! बुस्सी, दोनादियो आणि पारिनेल्लो यांची २००७ची पद्धत किंवा नोझे-हूवर वापरा. योग्य चढउतार त्यांत टिकतात.

बाकीचे समज थोडक्यात. लँजेव्हिन थर्मोस्टॅट सगळीकडे चालतो? घर्षण जास्त ठेवलंत तर विसरण मंदावतं, त्यावरून विसरणांक मोजू नका. चार आयनांना वेगळा थर्मोस्टॅट लावल्याने अचूकता वाढत नाही. आणि सुरुवातीला ३०० केल्विनचे वेग दिले की झालं, असंही नाही: किमान ऊर्जेच्या रचनेपासून निघालात तर जवळपास निम्मी गतिज ऊर्जा स्थितिज ऊर्जेत जाते आणि थर्मोस्टॅट नसेल तर तापमान १५० च्या आसपास उतरतं.