धडधाकट माणसाने गोळ्या का खायच्या?

आरोग्य समजून घेताना : लेखांक 6

"मले काई झालं नाही, मंग मी काहून गोळ्या खाऊ?" हत्तीरोगाच्या मोहिमेत आशाताई दारात आल्या की भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न हमखास कानावर येतो. प्रश्न अगदी रास्त आहे. औषध आजारी माणसाने घ्यायचं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे मात्र सरकार जवळपास सगळ्या गावाला गोळ्या देतं आणि वर "माझ्यासमोरच गिळा" म्हणतं. मग कारण नीट सांगायला नको?

हत्तीरोगाचे दोऱ्यासारखे जंत शरीरातल्या लसिकावाहिन्यांमध्ये वर्षानुवर्षं राहतात. त्यांची सूक्ष्म पिल्लं रात्री रक्तात फिरतात, म्हणूनच रक्तनमुना घ्यायला कर्मचारी रात्री येतात. गटारात, सेप्टिक टँकच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास ही पिल्लं एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. ज्याच्या रक्तात ती आहेत तो माणूस दिसायला ठणठणीत असतो; दिवसभर बांधीत वाकून रोवणी करतो. पाय सुजायला किंवा अंडवृद्धी व्हायला पुढे कित्येक वर्षं जातात आणि एकदा हत्तीपाय झाला की पाय पूर्ववत होत नाही. गोळ्या खायची खरी वेळ असते ती काहीच दिसत नसताना.

दुसरी अडचण याहून मोठी. गोळ्या खाल्ल्यावर काहींना ताप येतो, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते. बहुतेकदा हा त्रास रक्तातली पिल्लं मरत असल्याने होतो आणि एक-दोन दिवसांत थांबतो. म्हणजे ज्याला त्रास झाला, त्याला बहुधा गोळीची गरज होती! पण हे आधी कुणी सांगितलं नसेल, तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं की गोळ्यांनी माणसं आजारी पडली. पुढच्या फेरीला लोक गोळ्या हातात घेतात, "जेवल्यावर खातो" म्हणतात आणि त्या फडताळात पडून राहतात. उपाशीपोटी गोळ्या घ्यायच्या नसतात, त्यामुळे ही सबब खोटीही ठरवता येत नाही.

आता दिल्लीतल्या नियोजनाकडे वळू. 2002 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने हत्तीरोग संपवायला 2015 ची मुदत घातली. 2017 च्या धोरणाने 2017 चीच घातली. आता 2027 म्हणतात. दरम्यान औषध सुधारलं: डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन आलं आणि हे तिहेरी औषध देशात सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत दिलं गेलं, त्यांत 2019 मध्ये शेजारचं नागपूर होतं. औषध सुधारलं, तरी फेरी फळायची तर एकूण लोकसंख्येच्या किमान 65 टक्के लोकांनी ते प्रत्यक्ष गिळावं लागतं. मुदती हुकण्याची कारणं अनेक आहेत, पण न गिळलेली गोळी हे त्यातलं फार मोठं कारण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोळी गिळली जाते ती समज असली तर. पण 2017 च्या धोरणात बालमृत्यू, मातामृत्यू, आयुर्मान यांचे आकडे ठरवून दिले आहेत. लोकांना आरोग्याची समज किती आली, याचं तसं उद्दिष्ट नाही. चीनने 2008 मध्ये प्रत्येक नागरिकाला ठाऊक असाव्यात अशा आरोग्याच्या 66 गोष्टींची यादी काढली. त्या समजेची तिथे पाहणी होते आणि 2030 पर्यंत 30 टक्के लोकांपर्यंत ती पोचवायची, असं राष्ट्रीय आराखड्यातच लिहिलं आहे. चीनची राज्यपद्धत वेगळी, हे मान्य. पण जे मोजलं जातं त्यासाठी पैसा आणि माणसं मिळतात, हे आपल्याकडेही खरंच आहे.

समज मोजायची ठरली, तर ती पोचवायला मोहिमेचं वेळापत्रकही बदलावं लागेल. देशपातळीवरच्या फेऱ्या साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये होतात. ऑगस्टमध्ये भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर-पवनीकडे अजून रोवणी चाललेली असू शकते आणि दुपारी घराला कुलूप असतं. फेरीच्या पंधरा दिवस आधी, संध्याकाळी, गावच्या बोलीत एक बैठक घ्यायला हवी. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी यांना गोळ्या का देत नाहीत, ताप आला तर कुणाला फोन करायचा, हे तिथे सांगावं. त्या बैठकीचा खर्च आणि आशाताईंच्या वेळेचा मोबदला मोहिमेच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे.

पुढच्या लेखांकात सिकलसेलचं कार्ड आणि लग्नाची बोलणी.