नियमाचा निरोप नियमाला कळेना!

‘सिस्टीममध्ये तुमची सवलत दिसत नाहीये.’ फीच्या खिडकीवर हे ऐकलं की आपला पारा चढतो तो थेट काचेपलीकडच्या काकांवर. उत्पन्नाचा दाखला जोडलाय, मंजूर झालाय, तरी पावतीवर फी पूर्ण! फरक निम्म्या रकमेचा आणि मुदत उद्याची. काका बिचारे स्क्रीन दाखवतात. पण घोळ कधी कधी काकांच्याही पलीकडे असतो, नियम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये.

कर्ज द्यायचं की नाही, विम्याचा हप्ता किती, असले निर्णय बऱ्याच ठिकाणी ‘बिझनेस रूल्स इंजिन’ घेतं. ‘ड्रूल्स’ हे त्यातलं जावावर चालणारं, ओपन सोर्स इंजिन. यात प्रत्येक नियम सुटा असतो: असं असेल, तर तसं कर. समजा, तुमच्या कॉलेजच्या फीचे नियम त्यात लिहिलेत. पहिला म्हणतो, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर विद्यार्थी पात्र. दुसरा म्हणतो, पात्र असेल तर फी निम्मी. गंमत म्हणजे हे दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत. मग पहिल्याचा निरोप दुसऱ्यापर्यंत जातो कसा?

नोटीस बोर्डावरून! इंजिनकडे ‘वर्किंग मेमरी’ नावाची सामाईक जागा असते. पहिला नियम तिथे ‘हा विद्यार्थी पात्र’ अशी नोंद ‘इन्सर्ट’ करतो. या नोंदीला ‘फॅक्ट’ म्हणतात. ती पडली रे पडली की इंजिन बघतं, आता कोणाच्या अटी पूर्ण झाल्या? दुसऱ्याची झाली, तो चालतो. दर वेळी सगळे नियम पहिल्यापासून तपासावे लागत नाहीत, कारण कुठली अट कुठवर जुळलीय हे इंजिन लक्षात ठेवतं. ही युक्ती चार्ल्स फोर्जी यांच्या ‘रेटे’ अल्गोरिदमची. कार्नेगी मेलन विद्यापीठातला त्यांचा पीएचडीचा प्रबंध १९७९ चा. रेटे म्हणजे लॅटिनमध्ये जाळं. आजचं ड्रूल्स त्याचीच सुधारलेली आवृत्ती वापरतं.

आता घोळ. नवशिक्या प्रोग्रॅमरला वाटतं, कशाला एवढा उपद्व्याप? एक ‘ग्लोबल’ ठेवू, पहिला नियम त्यात लिहील, दुसरा वाचेल. सोप्पं! पण ग्लोबल वर्किंग मेमरीत नसतं. त्यातली व्हॅल्यू बदलली तरी इंजिनला पत्ताच नसतो. दुसऱ्या नियमाची अट आधीच तपासून झाली असेल, तर तो पुन्हा जागा होत नाही. बोर्डावर लावायची सूचना खिशात घालून फिरावं, तसं. वर एरर येत नाही; चुकीची पावती मुकाट छापली जाते. नियमांमध्ये माहिती वाटून घ्यायला ग्लोबल वापरू नका, असं ड्रूल्सचं डॉक्युमेंटेशनच बजावतं. पण ते वाचतंय कोण!

बोर्डावर आधीच असलेल्या नोंदीतला आकडा बदलला, तरी ‘मॉडिफाय’ किंवा ‘अपडेट’ने इंजिनला कळवावं लागतं. (कळवलं की तोच नियम पुन्हा जागा होऊन स्वतःभोवतीच फिरत बसू शकतो. त्यासाठी ‘नो-लूप’ आहे.)

मला सगळ्यात भारी वाटली ती ‘इन्सर्ट लॉजिकल’ची सोय. ‘पात्र’ ही नोंद अशी टाकली, तर तिच्यामागची अट मोडताच ती आपोआप निघून जाते. उत्पन्न दुरुस्त होऊन ९ लाख झालं? पात्रता गेली. मात्र आधी निम्मी केलेली फी आपोआप पूर्ववत होत नाही, त्याचा नियम वेगळा लिहायचा.

जावा येत असेल, तर हेच दोन नियम घरी लिहून बघा. एकदा ग्लोबलने, एकदा फॅक्टने, आणि दर वेळी फाइलमधला नियमांचा क्रमही उलटा करा. फॅक्टवाली फी क्रम कसाही असला तरी निम्मीच येईल. ग्लोबलचा मात्र भरवसा नाही.