गंजलेली एमजीबी हाती घेताय? आधी सिल तपासा

जुनी एमजीबी रोडस्टर पुन्हा उभी करायची म्हटलं की सगळे आधी बॉनेट उघडतात. इंजिनाची एवढी चिंता नको! १७९८ सीसीचं ते बी-सिरीज इंजिन दणकट आहे. त्याच घराण्यातल्या १४८९ सीसीच्या इंजिनावर आपली अँबॅसडर वर्षानुवर्षं धावली.

खरी लढाई पत्र्याशी. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. रोडस्टरला पक्कं छप्परही नाही, त्यामुळे दाराखालच्या सिलवर फार काही अवलंबून असतं. सिल म्हणजे पत्र्याची बंद पेटी. आत चिखल-पाणी साचतं आणि ती आतून सडते. बाहेरून रंग चकचकीत! म्हणून चुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे बहुधा पुट्टी भरलेली असते.

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइपचा आडवा आधार वेल्ड कराच. नाहीतर बॉडी मध्येच खचते, मग दार काही केल्या नीट बसत नाही. एका वेळी एकच बाजू घ्या आणि नवा पत्रा आधी फक्त टाचून, दार लावून बघा. फटी सारख्या आल्या की मगच पूर्ण वेल्डिंग.

फारच सडली असेल तर ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून मूळ साच्यांवर नवी बॉडी बनवते. पण जुना पत्रा वाचत असेल तर मी तोच वाचवेन.