खांदेरीचा दीपस्तंभ

सरदार आंग्रे घराण्यामुळे कान्होजी आंग्रे हे नाव ग्वाल्हेरच्या मराठी घरांत परिचयाचे आहे. अलिबागजवळच्या खांदेरी बेटाला आणि तेथील दीपस्तंभाला आज त्यांचेच नाव आहे.

मुंबई बंदराच्या तोंडाशी असल्याने या बेटावरून येणारी-जाणारी जहाजे दिसतात. म्हणूनच १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधाला न जुमानता येथे किल्ला बांधायला घेतला. १७१८ मध्ये कान्होजींच्या माणसांनी इंग्रजांचा हल्ला परतवला. पुढे बेट इंग्रजांकडे गेले आणि १८६७ मध्ये त्यांनी दीपस्तंभ उभारला. जहाजे अडवण्याची जागा त्यांना वाट दाखवण्याची झाली.

थळहून मच्छीमारांच्या होडीने बेटावर जाता येते. पावसाळ्यात मात्र जाऊ नये. उतरल्यावर वेताळाचे दर्शन घेऊन टेकडीकडे वळावे. दोन बांधकामांतला फरक तिथे कळतो. तट बेटाच्या कडेने फिरतो. बुरूज बसके आणि जाड, कारण त्यांना तोफांचा मारा सोसायचा होता. दीपस्तंभ टेकडीवर, कारण पृथ्वीच्या गोलाईमुळे दिवा जितका उंच, तितका दुरून दिसतो. मनोरा अष्टकोनी आहे. चौकोनी मनोऱ्यापेक्षा अशा आकारावर वाऱ्याचा जोर कमी बसतो आणि गोल मनोऱ्यापेक्षा बांधणी सोपी जाते.

२०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. किल्ला पाहायला जाल तेव्हा मनोऱ्यासाठीही वेळ ठेवा.