यंत्र शिकतें म्हणजे काय?

पानाचा फोटो मोबाईलांत घेतला म्हणजे पिकावरील रोगाचें नांव सांगणारीं साधनें हल्लीं निघालीं आहेत. डोळ्याच्या पडद्याचा किंवा छातीच्या एक्स-रेचा फोटो पाहून आजाराचा अंदाज करणारींही आहेत. या विद्येस मशीन लर्निंग, म्हणजे यंत्राचें शिकणें, असें म्हणतात. अशा साधनाच्या सांगण्यावरून औषध फवारावें कीं नाहीं, हा प्रश्न आज ना उद्यां प्रत्येक बागायतदारापुढें येणार. म्हणून हें शिकणें कोणत्या प्रकारचें असतें, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यंत्र शिकतें याचा अर्थ त्यास बुद्धि फुटते असा नव्हे. मनुष्यानें नियम न सांगतां, उत्तरांसह दिलेल्या पुष्कळ उदाहरणांवरून संगणकानें तो शोधून काढावयाचा, एवढेंच यांतील बीज. याचा जुना व सोपा नमुना शेतकी संशोधनाच्याच परिसरांतला आहे. रोनाल्ड फिशर हे १९१९ पासून १९३३ पर्यंत इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधनकेंद्रांत संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांच्या १९३६ सालच्या एका निबंधांत, एडगर अँडरसन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानें जमविलेलीं आयरिसच्या १५० फुलांचीं मापें आहेत. जाती तीन, प्रत्येकीचीं फुलें ५०, आणि दर फुलाचीं मापें चार. आजही नवशिक्यांस पहिला धडा बहुधा याच कोष्टकावर देतात.

कोष्टक पाहतां असें दिसतें कीं, सेटोसा जातीची पाकळी १.९ सेंटिमीटरपेक्षां लांब नाहीं व इतर दोहोंची ३ सेंटिमीटरपेक्षां आंखूड नाहीं. तेव्हां अडीच सेंटिमीटरवर रेघ ओढली कीं सेटोसा निराळी झाली. उरलेल्या दोहोंचें तसें नाहीं. व्हर्सिकलरची पाकळी ३ ते ५.१ व व्हर्जिनिकाची ४.५ ते ६.९ सेंटिमीटर. मधल्या पट्ट्यांत दोन्ही जाती मिसळतात, म्हणून रेघ कोठेंही ओढली तरी कांहीं फुलें चुकीच्या बाजूस जातात. संगणक अनेक ठिकाणीं रेघ ओढून पाहतो, प्रत्येक वेळीं चुका मोजतो, आणि जेथें त्या सर्वांत कमी तेथें रेघ कायम करतो. मग एका मापाऐवजीं चारी मापांचा मेळ घालून तेंच करतो. शिकणें तें हेंच.

तो शिकला कीं नाहीं हें ठरविण्यास, ज्या फुलांवर शिकला तींच पुन्हा विचारून चालत नाहीं; पाठ केलेलें उत्तर कोणीही देईल. म्हणून कांहीं फुलें आधींच बाजूस ठेवितात व शेवटीं त्यांवर परीक्षा घेतात. पैसेवारी ठरवितांना हलक्या, मध्यम व भारी अशा सर्व प्रतींच्या जमिनींतील पीक कापून पाहावें लागतें, हें आपणांस ठाऊकच आहे. नुसतीं विहिरीकांठचीं शेतें कापलीं तर कागदावर गांवांत सुबत्ता आणि कणगींत दाणा नाहीं, अशी गत व्हावयाची. यंत्राचेंही तसेंच आहे.

२०१६ सालीं मोहंती, ह्यूज व सालाते या संशोधकांनीं प्लांटव्हिलेज नांवाच्या संग्रहांतील पानांच्या ५४,३०६ फोटोंवरून संगणकास १४ पिकें व २६ रोग ओळखण्यास शिकविलें. बाजूस ठेवलेल्या फोटोंवर त्याचीं शेंकडा ९९.३५ उत्तरें बरोबर आलीं. परंतु निराळ्या परिस्थितींत काढलेले फोटो दाखवितांच हें प्रमाण शेंकडा ३१ च्या आसपास उतरलें. संग्रहांतील पानें तोडून, साध्या पाटीवर ठेवून त्यांचे फोटो काढलेले होते; शेतांतील ऊन, सावली, माती व तण त्यांत नव्हतें. पुढें २०२२ सालीं एका संशोधकानें पान वगळून केवळ पार्श्वभूमीचे आठ ठिपके संगणकास दिले, तरी शेंकडा ४९ उत्तरें बरोबर आलीं. अंदाजपंचें सांगितलीं असतीं तर तीं शेंकडा तीनही आलीं नसतीं. म्हणजे रोगाचें उत्तर पानाखालच्या पाटींतही लपलेलें होतें.

आरोग्याच्या कामीं आणखी एक फसगत संभवते. समजा, १००० माणसांत १० जणांस एक आजार आहे. 'कोणासही आजार नाहीं' असें सरसकट सांगणारें यंत्र शेंकडा ९९ वेळां बरोबर ठरतें, आणि दहाही रोगी औषधावांचून राहतात. म्हणून दोन आंकडे निरनिराळे पाहावे लागतात: खऱ्या रोग्यांपैकीं किती सांपडले, आणि निरोगी असून किती जण रोगी ठरले. पिकासही हाच हिशेब लागू आहे. पहिली चूक बाग घालविते, दुसरी फवारणीचा खर्च पाण्यांत घालते.

सबब असें साधन कोणी दाखविल्यास तीन गोष्टी विचाराव्या. तें कोणत्या भागांतील व कोणत्या वाणाच्या फोटोंवर शिकलें? पूर्वीं न पाहिलेल्या शेतांत त्याची परीक्षा झाली काय? आणि रोग नसतां रोग सांगण्याचें प्रमाण किती? समाधानकारक उत्तरें मिळाल्यास साधन अवश्य वापरावें. न मिळाल्यास, ज्यांचा रोग जाणत्यानें ओळखला आहे अशीं आपल्याच शेतांतील वीस-पंचवीस पानें, आणि तितकींच निरोगी पानें, त्यास दाखवून तें पारखावें. मगच फवारणीचा पंप पाठीस लावावा.